पोटाखालची जखम

किल्लीवाल्याच्या वजनावर सगळ्यात जास्त विनोद तो स्वतःच करायचा. "दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक घेतो, दुसऱ्याची जागा मीच अडवलीय," असं म्हणत एकशे अठ्ठावीस किलोचं अंग हलवून हसायचा. लोकांच्या आधी आपणच हसून घेतलं की बोचत नाही, असं त्याला वाटे. बोचायचं ते बोचतच होतं.

शंभर पावलं चाललं की पोटरीत गोळे येत. मग तो एखाद्या दुकानाच्या काचेपुढे थांबून बायकांच्या चपला बघत असल्याचं सोंग करायचा. डॉक्टर दरवेळी म्हणत, "वजन उतरवा." पायमोजा काढायला कुणी सांगायचंच नाही. चार वर्षांनी अंगठा काळा पडला, तेव्हा कुठे एकानं पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. ती लागलीच नाही.

सर्जननं जांघेपासून गुडघ्यापर्यंत कृत्रिम नळी बसवून रक्ताला नवी वाट करून दिली. लेकीनं पावलाला हात लावला आणि एवढ्या माणसांत ओरडली, "बाबा, गरम आहे हो!"

घरी सोडताना सिस्टरनं दोघांनाही बजावलं, "जड माणसांत जांघेतली जखमच दगा देते. पोट उचलायचं, खालची घडी कोरडी करायची, नवी पट्टी लावायची. दिवसातून तीनदा. काका, तुम्हाला ती दिसणार नाही. ताईंनाच करू द्या."

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती; घरात तो आणि लेक, दोघंच. लेकीनं हात धुऊन पट्ट्या मांडल्या. तो त्या उचलून बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली.

"बाबा, कडी काढा. सिस्टर काय म्हणाल्या, ऐकलंत ना?"

"चाळीस वर्षं न बघता कुलपं उघडलीत मी. माझ्या बोटांना डोळे आहेत. तू चहा टाक."

एका हातानं पोट उचलायचं, दुसऱ्यानं पट्टी लावायची. धाप लागायची, हात सुटायचा, पट्टी गोळा होऊन बसायची. बोटांना ओल कळत होती, पण ती घामाची की आणखी कशाची, ते कळत नव्हतं. त्याला विचारायचंही नव्हतं. पोटच्या पोरीपुढे ते लोंबणारं पोट उघडं टाकण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्या खुळ्या माणसानं मनाशी धरलं होतं. नवव्या दिवशी वास आला, तेव्हा त्यानं वर पावडर फासली.

"मी दार तोडीन हं, बाबा."

"तोड. मग तुझं तोंड बघणार नाही."

तिनं दार तोडलं नाही.

बाराव्या दिवशी तो तापानं फणफणला. हॉस्पिटलात सर्जननं पट्टी काढली आणि तोंड फिरवलं. "नळीपर्यंत पू गेलाय. ती काढावी लागणार, आणि ती काढली की पाय राहत नाही. मांडीतून कापावा लागेल." मग विचारलं, "ड्रेसिंग कोण करत होतं?"

किल्लीवाल्यानं डोळे मिटले.

"मी," लेक म्हणाली.

"इतकं बजावूनही? तुमच्या आळसापायी वडिलांचा पाय जातोय!"

ती मान खाली घालून ऐकत राहिली. एका वाक्याचं काम होतं. उभा जन्म बडबडण्यात घालवलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही.

सर्जन गेल्यावर तो पुटपुटला, "खरं का नाही सांगितलंस?"

"सांगून पाय परत मिळणार होता?" ती रडत नव्हती, संतापली होती. "आणि मला तुमची लाज नव्हती वाटत, बाबा. एकदासुद्धा नाही. ते तुम्हीच ठरवलंत."

तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली. ऑपरेशनआधी जखम साफ करायची होती, पोट धरायला कुणीतरी हवं होतं. लेक पुढे झाली. या वेळी त्यानं तिला अडवलं नाही. तिनं दोन्ही हातांनी बापाचं पोट उचलून धरलं. खालचं बघून तिचा श्वास अडकला, तो त्याला ऐकू आला. हात मात्र तिनं काढले नाहीत.