रुमालाखालची परीक्षा

बिरदेव खरंच पर्मनंट झाला होता. शिक्रापूरच्या कारखान्यात, गेल्याच आठवड्यात. चुलत्याची एसटी चुकली म्हणून भांडगावला तो एकटाच मुलगी बघायला आला, तेव्हा त्याला वाटलं होतं, खरंच तर सांगायचंय, त्यात काय अवघड?

पण मुलीचे वडील गेणबा एकदा फसले होते.

"मागल्या पाहुण्यानं शिक्क्याचा कागद दावला आन् निघाला ठेक्यावरचा. आता कागद नगं. माणूसच तपासायचा."

त्यासाठी खोटं पकडणारे तिघं सतरंजीवर बसवले होते: रिटायर हवालदार सोपानराव, शाळेतले ज्ञानदेव गुरुजी आणि बोकडांचे व्यापारी चांदभाई.

"पर्मनंट हायेस का रं?" सोपानरावांनी विचारलं.

"व्हय, मामा."

"डोळ्याला डोळा भिडवला. सराईत दिसतंय."

"उलट आहे," गुरुजी म्हणाले. "खोटं बोलणारं पोर आढ्याकडं बघतं. हा खरा."

बिरदेवनं दचकून आढ्याकडं बघितलं. गुरुजींनी मत बदललं.

आपण खरंच पर्मनंट आहोत ना, अशी शंका बिरदेवलाच यायला लागली. दारात उभी असलेली मुलगी, हर्षदा, आपल्याला आवडली, एवढंच काय ते पक्कं.

"हात द्या," चांदभाई म्हणाले. "तोंड थापा मारतं, बोटं न्हाई मारत."

बाजारात भाव चारचौघांना कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. तसा रुमाल टाकून त्यांनी बिरदेवची दोन बोटं दाबली. बिरदेव मेंढरं विकणाऱ्यांच्या घरातला. समोरच्यानं दाबली की आपणही दाबायची, हे अंगातच मुरलेलं. त्यानं एक दाबलं. चांदभाईंनी सवयीनं उत्तर दिलं. बराच वेळ रुमाल हलत राहिला. सगळे वाकून बघत होते.

"काय निघालं?" गेणबा.

चांदभाई गडबडले. "त्ये बघायचं राह्यलंच की. पर पोरानं माझा बोकड घेतला."

"कुठला?"

"त्यो, भाईर दारात बांधलेला. दोन दाती. एकदम कवळा."

"ह्ये मातुर खरं हाय," हवालदार म्हणाले. गुरुजींनीही मान डोलावली.

हर्षदा बाहेर गेली आणि बोकडाचा जबडा उघडून आली.

"आठ दाती हाय, चाचा. म्हातारा झालाय." मग वडिलांकडं वळली. "आबा, ह्या पाहुण्यांना खोटं वळखता बी येत न्हाई, बोलता काय येणार? मला पसंत हाय."

गेणबांना ते पटलं. बिरदेवला हे कौतुक की काय, ते कळेना.

"पर मी खरंच पर्मनंट..."

"आता कशाला त्ये?" गेणबा म्हणाले. "च्या घ्या."

बोकड घेऊन तो वरवंडच्या वडाप जीपमध्ये चढला.

"बोकड घेऊन कुठनं, पाहुणं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"लगीन ठरवून आलो."

ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं, मग बोकडाकडं.

"थापा नगा मारू," तो म्हणाला आणि गिअर टाकला.