गुरुवारची दालचिनी

कट्.

दालचिनीचा तुकडा मोडला तो बोटभरच, पण पहाटेच्या त्या निजलेल्या घरात हर्षालीला वाटलं, आता सगळी उठतात. तिने श्वास धरला. आतल्या खोलीत तिची लेक भूमिका, म्हणजे भूमी, आई उठून गेल्यावर आत्याच्या कुशीत शिरून झोपली होती. कुणी हललं नाही. मग खलबत्त्याखाली पोत्याची घडी सरकवून तिने हळूहळू कुटायला घेतलं.

दालचिनी मसाल्याच्या डब्यातली, उन्हाळ्यात मिरची कांडून आणल्यावर उरलेली. या घरात दालचिनीला एकच काम ठाऊक होतं, मटणाच्या मसाल्यात जाऊन बसायचं. ती गोडातही घालतात हे दिवाळीत कळलं. सगळी मिळून कल्याणला नणंदेकडे दोन रात्री राहून आली, आणि तेव्हापासून भूमीने एकच जप लावला होता. "आत्याकडं सकाळी गोड पाव असतो. तव्यावरचा. वासाचा."

आणि आता आत्या, म्हणजे कुणाली, पोरीला न्यायलाच आली होती. पुढल्या वर्षी भूमी पहिलीत जाणार. कल्याणची शाळा मोठी, कुणालीला मूलबाळ नाही, घर मोकळं. नवऱ्याला, दिपेशला पटलं, सासूबाईंना तर फारच पटलं. हर्षालीलाही विचारलं होतं, नाही असं नाही. पण "पोरीच्या भल्याचंच हाय ना?" असं विचारलं तर आई नाही कशी म्हणणार? रात्रपाळीला निघताना दिपेश शेवटी म्हणाला, "सकाळी भूमीलाच विचारा. ती हो म्हणाली तर जाऊ दे."

भूमी काय म्हणणार हे हर्षालीला न विचारताच माहीत होतं. गोड पाव जिकडे, भूमी तिकडे. मग गोड पाव इकडेच असला तर?

कुणाली त्यात अंडं घालायची. पण आज मार्गशीर्षातला गुरुवार, अंड्याचं नावही घरात नको. हर्षालीने दुधात साखर विरघळवली, वाटीभर साय फेटून घातली, आणि दूध पावाला धरून राहावं म्हणून चमचाभर तांदळाचं पीठ. वरून दालचिनी. किन्हवलीच्या बेकरीतला लादी पाव मधून कापला, दुधात बुडवला आणि तुपावर सोडला. पहिला तव्याला असा चिकटला की उलथन्याने खरवडावा लागला. दुसरा फाटला. तिसरा मात्र तांबूस होऊन आपणहून सुटला, आणि त्याचा वास खिडकीतून बाहेर पडला.

बाहेर सासूबाई, वत्सला, घट मांडायला पाच झाडांच्या डहाळ्या तोडत होत्या. कुंपणापलीकडून शेजारच्या बारकीने नाक वर केलं.

"काय गो वत्सलाकाकी, आज लक्ष्मीला कोंबडी का बोकड?"

"तुज्या तोंडाला काय हाड?"

"माज्या तोंडाला नसंल, पण नाक हाय ना जागेवर. मसाला परततेय तुजी सून!"

वत्सलाबाईंनीही वास घेतला आणि त्या डहाळ्यांसकट आत धावल्या.

"हर्षाले! आज वार कोणता? आळीभर मटणाचा वास सोडलास तो!"

"मटण नाय आई, पाव हाय."

"पावाला मटणाचा वास कसा येल?" त्यांनी एकेक झाकण उचललं. भात, कालचे वाल, दूध. मग तव्यात वाकून बघितलं आणि परत सगळी झाकणं उचलली, मटण मधल्या मधे कुठे लपलं असेल तर म्हणून.

डोळे चोळत कुणाली दारात आली. "आई, दालचिनीचा वास हाय तो. तू आयुष्यात ती फक्त मटणातच हुंगलीस."

वत्सलाबाई पाटावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मग खिडकीतून ओरडल्या, "बारके, गोडाचा पाव हाय गो! ये बघायला!"

"बघायला कशाला? ताट घेऊनच येते!"

एवढ्या गलक्यात भूमी कशी झोपणार? केस पिंजारलेली, तशीच ताटलीसमोर येऊन बसली. एक घास खाल्ला. हर्षालीचं उलथनं हवेतच थांबलं.

"आत्याचा मऊ असतो," भूमी म्हणाली. दुसरा घास घेतला. "तुझा कुरकुरतो. अजून दे."

"पीठ घातलंस ना वहिनी?" कुणाली भूमीच्याच ताटलीतला तुकडा उचलून म्हणाली. "मला नाय कधी सुचलं."

तिसरा पाव संपला तेव्हा कुणालीने पोरीला जवळ ओढलं. "भूमी, येतेस माझ्याकडं? मोठी शाळा, झोपाळा, रोज गोड पाव."

"येते!"

एका दमात. हर्षालीने तव्यावरचा पाव उलटला, मग तोच परत उलटला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"आणि आई," भूमी बोटं चाटत म्हणाली, "संध्याकाळी घ्यायला तू येशील का बाबा? अंधार व्हायच्या आत या हां."

कुणालीने तिचे पिंजारलेले केस मागे सारले.

"अगं, तिकडंच राहायचं," कुणाली हळूच म्हणाली. "रात्री माझ्याजवळ झोपायचं."

"रात्री?" भूमीने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. एवढं साधं यांना कसं माहीत नाही, असं तिला वाटत होतं. "रात्री मी इथं असते ना. आईजवळ."

रडली नाही, हट्ट केला नाही. सांगितलं फक्त, आणि चौथ्या पावासाठी ताटली पुढे केली.

कुणाली तिच्याकडे बघत राहिली, मग तिला हसू फुटलं. "बघा, आमी शाळा ठरवली, घर ठरवलं, आणि रात्रीचं कुणी विचारलंच नाय."

"झालं तर," वत्सलाबाई डहाळ्यांची जुडी बांधत म्हणाल्या. "इथली शाळा काय ओस नाय पडली. तूही तिथंच शिकलीस. पुढचं पुढं बघू."

हर्षाली तव्याकडे वळली. उरलेली सगळी लादी तिने कापली, सगळं दूध संपवलं, आणि ताट घेऊन आलेल्या बारकीला इतके पाव वाढले की बारकी म्हणाली, "बाय, बारसं-बिरसं हाय का काय?" हर्षाली कशालाही हसत होती.

शहापूरच्या एसटीची वेळ झाली. कुणालीने पिशवी खांद्याला लावली, भूमीचा मुका घेतला. हनुवटीला साखर चिकटलेली भूमी दारात आईचा पदर धरून उभी होती.

"आई, आत्या याच घरातली ना?"

"हो."

"लहानपणी तीपण रात्री इथंच असायची? आजीजवळ?"

"हो गं राणी."

"मग आता ती इथं का नाय राहत?"

कुणाली उंबऱ्यापाशी थांबली होती. वत्सलाबाई डहाळीचं एकच पान पुन्हापुन्हा पुसत होत्या. धसईचं माहेर सोडून या घरात आलेल्या हर्षालीने बोलायला तोंड उघडलं, आणि भूमी उत्तराची वाट बघत वर बघत राहिली.