तांगुतचा खडा

अदिस अबाबाहून गावाची पाहणी करायला आलेल्या हीरुतने माझ्या अंगणात राखेने शिडी काढली, पाच पायऱ्यांची. "कोणतं घर किती सुखात आहे, ते तुम्हीच ठरवा. मी मध्ये बोलणार नाही," ती म्हणाली. मला पोरगी तिथेच आवडली. याआधीचे साहेब आमचे बैल आणि छपराचे पत्रे मोजून जायचे, कॉफीलासुद्धा थांबायचे नाहीत.

प्रत्येक घराचा एक खडा. तांगुतचा खडा मी खुशाल वरून दुसऱ्या पायरीवर ठेवला. जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. नवरा गेला म्हणून काय झालं? तिचं शेत अख्खा गाव मिळून नांगरतो. शिवाय ती समोर बसलेली असताना तिला तळाला टाकायला आम्ही काय निलाजऱ्या आहोत?

सगळे खडे मांडून झाल्यावर हीरुतने सांगितलं, "आमच्या संस्थेच्या शेळ्या तळाच्या दोन पायऱ्यांवरच्या घरांना मिळणार."

"मग आधी का नाही बोललीस गं?" मी विचारलं.

"बोलले असते तर सगळेच खडे तळाला गेले असते, झेनेबेचताई."

ते काही खोटं नव्हतं. तेवढ्यात तांगुत उठली आणि तिने आपला खडा थेट तळाला नेऊन ठेवला. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे आम्ही तुझ्या कुणीच नाही होय? आमचे नवरे तुझ्या शेतात राबतात ते काय उगाच?"

"तुम्ही माझी अब्रू राखलीत," ती म्हणाली. "पण पोरीला पाजायला घरात घोटभर दूध नाही, झेनेबेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुठीत राख घेतली आणि शेजारी दुसरी शिडी काढली. "ती घरातल्या वस्तूंची. ही पाठीशी उभ्या असलेल्या माणसांची."

"कागदावर एकच रकाना आहे," हीरुत पुटपुटली.

"मग दुसरा आख! हात आहेत ना तुला?"

तिने हसत आखला. मी दुसरा खडा तांगुतच्या हातात दिला, पण ती तो ठेवेचना.

"आता काय झालं, बाई?"

"शेळ्या आल्या की नांगर यायचे थांबतील. 'तिला मिळालंय की' म्हणाल सगळ्या. मग हा खडा कुठे ठेवू?"

तसं आम्ही म्हणालोही असतो, मला ठाऊक आहे. मी खडा तिच्या हातातून काढून घेतला, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला आणि कुंपणापलीकडे बसलेल्या माझ्या नवऱ्याला सगळ्यांच्या देखत हाक मारली.

"अहो, ऐकलंत का? सोमवारी बैल आधी तांगुतकडे. आपलं शेत नंतर."