अंजूरची झटकेवाली देवी

अंजूरला दीपेशच्या शेडसमोर त्या मंगळवारी एवढी गर्दी होती की रिक्षा मला लांबच सोडावी लागली. दाराशी चपलांचा ढीग, आत उदबत्त्यांचा धूर आणि मधोमध चौरंगावर देवी. देवी म्हणजे पत्र्याची पेटी. पुढे काच, काचेखाली दोन भोकं, भोकांना बसवलेले लांब रबरी हातमोजे. पेटीला झेंडूचा हार, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. साल दोन हजार चार. गावात गोदामांमागून गोदामं उठत होती, आणि आता पत्र्यात देवीही उतरली होती. प्रगती म्हणतात ती हीच.

ही पेटी माझ्या ओळखीची. दीपेश माझा जुना विद्यार्थी. भिवंडीच्या शाळेत मी त्याला विज्ञान शिकवलं, निदान माझा तसा समज होता. घरामागच्या शेडमध्ये त्याने सँडब्लास्टिंगचा धंदा काढला होता. पेटीत गंजकी वस्तू ठेवायची, हातमोज्यांत हात घालून आतली गन धरायची. कॉम्प्रेसरची हवा तळातली वाळू नळीतून ओढून वस्तूवर मारते आणि गंज उडतो. एरवी लूमचे सुटे भाग येत. गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर गावातले गौरींचे पितळी मुखवटे उजळायला आले आणि तेव्हापासून पेटीला हात लावला की झटका बसू लागला. मला मात्र त्याचा फोन आला तो एवढाच: "सर, गन अडकते. वाळू नीट येत न्हाय. बघून जा." देवीचं काही बोलला नव्हता. लाजला असेल.

देवीचा कारभार कोन गावच्या नवशा भगताकडे होता. पायांत लाकडी खडावा, कपाळभर मळवट, गळा लाउडस्पीकरचा.

"ऐका रं, आईचा श्वास ऐका!" तो ओरडत होता. दीपेश हातमोज्यांत हात घालून गन चालवत होता. "मधीच आई थांबते, बगा! का थांबते? पाप्याचा वास येतो तिला! पुण्यवानाला आई गोंजारते, चोराला डसते!"

पेटीच्या झिजलेल्या रबरातून उडणारी धूळ तो अंगारा म्हणून वाटत होता. बायका ती पोरांच्या जिभेवर ठेवत होत्या. दगडाची ती बारीक भुकटी छातीत बसली की जन्माचा खोकला लागतो. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर माणूस विषाचीही पुडी बांधून नेतो.

त्या दिवशी देवी न्याय करणार होती. दीपेशच्या आईची, राहीबाईंची, नथ गौरीनंतर दिसेनाशी झाली होती. संशय घ्यायला बुधी होतीच. डोंगराकडच्या पाड्यावरची, यांच्याकडे भांडी घासणारी. तिच्यावर संशय घ्यायला पुरावा लागत नसे. ती गरीब होती तेवढं पुरे.

घरच्यांनी आधी हात लावले. केसरीनाथ, दीपेशचा बाप, गोदामांच्या भाड्यावर पोट सुटलेला, पाटावर उभा राहिला. मानाचा माणूस ना. काही झालं नाही. राहीबाई पाटावर, काही नाही. मग नवशाने पाट पायाने बाजूला सारला आणि बुधीला पुढे ओढलं. जमीन शेणाने सारवलेली, वर गोमूत्र शिंपडलेलं. तिचे अनवाणी पाय त्या ओलीत.

"लाव हात!"

तिने लावला. चट्‌! ठिणगी मला दारातून दिसली. बुधी किंचाळून मागे पडली.

"डसली! चोराला डसली!"

मी पुढे घुसेपर्यंत केसरीनाथची काठी पडलीही होती. बुधीचं मनगट मोडल्याचा आवाज आला. तिचा नवरा मंगळ्या हात जोडून "मालक, मालक" करत उभा होता. कोणीतरी हसलं. "आईनं बरोबर धरली," एक म्हातारी समाधानाने म्हणाली.

मला संताप आला आणि संतापात मला चांगलं सुचतं.

"केसरीनाथशेठ," मी म्हणालो, "देवीला पुन्हा हात लावा. पण पाटावरून उतरून."

"मी कनाला लावू? मी काय चोर हाय?"

"मग भ्यायचं कशाला?"

गर्दी बघत होती. तो उतरला, बोट पुढे केलं. चट्‌! एवढा मोठा माणूस "आय गं" करत बायकोच्या अंगावर आदळला.

"नथ शेठनी चोरली!" मी जाहीर केलं. "आता नवशाबुवा. खडावा काढा."

"खडावा काढल्या तं आई कोपंल!"

"ती तर गोंजारते ना पुण्यवानांना?"

आता गर्दीला चव लागली. घटकेपूर्वी बुधीला धरणाऱ्या हातांनीच त्याच्या खडावा ओढल्या आणि त्याला पेटीवर दाबलं. चट्‌! एकदा, पुन्हा, पुन्हा. नवशा बोंबलत होता. मी लगेच थांबवलं नाही. मला ते आवडत होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

मग सांगितलं. वाळू पत्र्यावर घासली की पेटीत वीज साठते. ती जमिनीत जायला अर्थिंगची तार असते. "ती कुठे गेली रे, दीपेश?"

दीपेश खाली मान घालून म्हणाला, "मुखवटे देवाचे, सर. जमिनीवर कसे ठेवायचे? म्हनून पेटी चौरंगावर घेतली. तार पुरंना, सोडून दिली."

"आणि देव आहेत म्हणून सगळे चपला काढून ओल्या जमिनीवर! लाकडावर उभा तो वाचला, अनवाणी होता तो मेला."

मी तारेला तुकडा जोडून ती पेटीला लावून दिली. गन पुन्हा चालू केली, अनवाणी उभा राहून पेटीवर पंजा ठेवला. काही नाही. पोरंटोरंसुद्धा हात लावून गेली.

"आता गन का अडकते ते बघू." पेटीच्या तळाचं झाकण काढलं. वाळू भसाभसा पडली. वाळू ओढणाऱ्या नळीच्या तोंडात एक वाकडी तार अडकली होती. सोन्याची. मोती झिजून गेलेले.

राहीबाईंनी तोंडावर हात ठेवला. गौरीच्या मुखवट्याला त्या दरवर्षी आपली नथ घालत. यंदा मुखवटा नथीसकट फडक्यात बांधून त्यांनीच लेकाकडे उजळायला दिला होता.

मला वाटलं, आता कोणीतरी बुधीचे पाय धरेल. तेवढ्यात नवशा धडपडत उठला. "बगा! आईनं नथ परत दिली!" आणि राहीबाईंनी, डोळ्यांत पाणी आणून, पेटीपुढे नारळ ठेवला. मागून दुसरा आला, तिसरा आला. केसरीनाथ काठी शोधत होता. नवशासाठी की माझ्यासाठी, ते विचारायला मी थांबलो नाही.

बुधीला आणि मंगळ्याला घेऊन रिक्षाने दवाखान्याकडे निघालो. तिचा हात मांडीवर भलत्याच कोनात पडला होता. रस्त्यात ती म्हणाली, "गुरुजी, नथ मिलली नसती तं?"

मी वीज, वाळू, अर्थिंग सगळं समजावून आलो होतो. याचं उत्तर तेवढं राहिलं होतं.

म्हणून ते इथे देतो. चमत्कार दिसला की त्याची तार कुठे सुटली आहे ते शोधा, ती सापडतेच. आणि कोणावर आळ घ्यायचा असेल तर पुरावा आळ घेणाऱ्याने आणावा, देवीने नव्हे. नथ त्या वाळूत झिजून नाहीशी झाली असती, तरी बुधी चोर नव्हती.