पिवळी डबी

सत्तूचा डबा काढायला मायनं फडताळात हात घातला, आणि डब्याच्या आधी हाताला लागली ती पिवळी डबी. काडेपेटीहून थोडी मोठी, मागे पत्र्याची चिमटी, पुढे बोटभर काच, आणि कोपऱ्यात हिरवा दिवा आपला लुकलुकतोय.

"निरू," माय म्हणाली.

ओरडली नाही, नुसती म्हणाली. निरंजन अंथरुणातनं ताडकन उठला, कारण सकाळच्या वेळी माय ओरडल्याशिवाय बोलतच नाही.

"हे इथं कसं रे?"

त्यानं डबी हातात घेतली. बाबूजींचीच. मागे चिकटपट्टीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, भु. महतो, भट्टी क्र. ३. पोलाद कारखान्याच्या भट्टीवरचा गॅस असा हरामी, की त्याला वास नाही, रंग नाही. खिशाला लावलेली ही डबी किंचाळली की पळायचं. आणि डबीच नसली तर? ते बाबूजींनी त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. काही दुखत नाही, नुसती झोप आल्यासारखं होतं, माणूस असेल तिथं टेकतो. टेकला तो टेकला.

या डब्या आल्याला बारा वर्षं झाली. तिथल्या चार्जिंगच्या बोर्डापाशी झुंबड असते म्हणून बाबूजी ती रोज घरी आणायचे आणि रोज पहाटे खिशाला लावून निघायचे. चष्मा विसरतील, जेवणाचा डबा विसरतील, एकदा तर सायकल विसरून चालत निघाले होते. पण ही डबी? बारा वर्षांत एकदाही नाही.

आणि आज तर त्यांचा शेवटचा दिवस होता. सहाला सुरू झालेली ए शिफ्ट दुपारी दोनला सुटणार, बाबूजी निवृत्त होणार.

"विसरले असतील," निरंजन म्हणाला.

माय टीव्हीकडे बघत होती. टीव्ही बंदच होता. वर एक निळी फाइल होती, काल रात्रीपर्यंत ती तिथं नव्हती. निरंजननं उघडली. बँकेचं पासबुक, पीएफचा कागद, त्यावर वारस म्हणून मायचं नाव, आणि सगळ्यांत खाली त्याच्या स्वतःच्या दहावीच्या आणि आयटीआयच्या सर्टिफिकेटच्या तीन-तीन झेरॉक्स, सही-शिक्क्यासकट. या झेरॉक्स त्यानं काढलेल्या नव्हत्या.

"जा तू," माय म्हणाली. "चहाबिहा काही नको. जा."

"अगं पण..."

"निरू, जा ना रे!"

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर नऊमध्ये कोणालाही विचारा. तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की माणूस ड्यूटीवर असताना मेला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते. निवृत्त झाला तर मिळतो हार. दुपारी दोनच्या आत आणि दुपारी दोननंतर, एवढाच काय तो फरक. मागच्या गल्लीतले मंडलबाबू निवृत्तीला तीन महिने असताना ड्यूटीवर जिना चढता चढता बसले, ते उठलेच नाहीत. आज त्यांचा मुलगा तपन त्याच खात्यात आहे, क्वार्टर तेच, मोटारसायकल नवी. लोक तेराव्याला जेवून हात धुताना म्हणाले होते, काहीही म्हणा, मंडलबाबू वेळेवर गेले.

वेळेवर गेले! आणि मागच्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर हाच तपन निरंजनच्या पाठीत थाप मारून म्हणाला होता, "तुझं काही खरं नाही गड्या. तुझा बाप अजून सकाळी उठून जोर काढतो." सगळे खिदळले. निरंजनही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

त्या दिवशी बाबूजी पलीकडे पानवाल्याकडे खैनी घेत उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे निरंजनला कळलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी त्याला नेहमीसारखंच विचारलं होतं, जेवलास का?

त्यानं स्कूटरला किक मारली. एक, दोन, चार. आणि मग त्याला आजची पहाट आठवली. पाचला बाबूजी त्याच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले होते. बराच वेळ. त्यानं डोळे मिटून घेतले होते, कारण उठलं की तेच, कुठं अर्ज केलास, काय झालं, आणि एकोणतीस वर्षांच्या माणसाला पहाटे पाचला ते नको असतं. बाबूजींनी त्याच्या पायावरची चादर सारखी केली आणि गेले.

सेक्टर नऊपासून मेन गेटपर्यंतचा रस्ता म्हणजे पट्टी ठेवून ओढलेली रेघ. शहर वसवायला आलेल्या रशियन साहेबांनी म्हणे आधी कागदावर हा रस्ता काढला आणि मग त्याच्या दोन्ही अंगांना सेक्टर मांडले. वळण नाही, चढ नाही, रेल्वेचं फाटक नाही. शिफ्टच्या माणसाला उशिराचं कारणच सापडू नये, असा हिशेब. स्कूटरनं बारा मिनिटं, डोळे झाकून. या रस्त्याखाली निरंजनच्या आजोबांचं शेत होतं. ते गेलं, त्याच्या बदल्यात बाबूजींना नोकरी लागली. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, इथं फुकट कोणाला काही मिळत नाही, काहीतरी द्यावं लागतं.

साडेसात वाजले होते. निरंजन सुसाट निघाला. समोर प्लांटच्या चिमण्या, त्यांचा तो नेहमीचा पिवळट धूर, आणि आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, की त्या जवळ येऊ नयेत.

निम्म्या वाटेवर नाल्याची पुलिया आहे, कठडा असलेली. तिथं तो थांबला.

का थांबला? घाम आला होता, पुसायला थांबला. खिशातली डबी पडेल असं वाटलं, म्हणून ती हातात घ्यायला थांबला. एक मिनिट. स्कूटर बंदसुद्धा केली नाही, स्टँडवर लावली आणि तिच्या मागच्या चाकापाशी कठड्यावर टेकला. चपलेचा अंगठा निसटला होता, तो नीट केला. डबीची काच शर्टानं पुसली. हिरवा दिवा लुकलुकत होता. शाळेच्या बस गेल्या, मग सायकलवरून पाववाला गेला. उठायचं, असं त्यानं ठरवलं. पाय उठले नाहीत. भीतीनं, त्याला वाटलं. भीतीच होती ती, छातीत नुसती धडधड. पण त्या धडधडीच्या मागे, खोल कुठंतरी, कोणीतरी अगदी शांत बसून होतं, आणि ते दोन वाजायची वाट बघत होतं. निरंजननं तिकडं बघितलं नाही.

खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. काढून पाहायची हिंमत होईना. काढला आणि माय रडत असली तर? तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा त्यानं खिशावर हात गच्च दाबून धरला, पाखरू दाबून धरावं तसा.

स्कूटर फटफटत होती. धुराचं निळं वेटोळं त्याच्या गुडघ्यांभोवती फिरत होतं.

आणि डबी किंचाळली.

अशी किंचाळली, की त्याच्या हातातनं उडालीच! हिरव्याचा लाल दिवा झाला, रस्त्यावर पडून ती थरथरतेय, ओरडतेय, नाल्यातले बगळे उडाले. निरंजनला कळेचना काय झालं. त्याला वाटलं, तिकडं बाबूजींना काहीतरी झालं आणि इथं हिला समजलं. त्यानं ती झडप घालून उचलली, छातीशी धरली, आणि स्कूटरवर बसून असा सुटला, की वाटेतला एक सिग्नलही त्याला दिसला नाही. वाऱ्यावर आल्यावर ती आपोआप गप्प झाली. त्यानं आणखीच घाबरून वेग वाढवला.

गेटवर जवानानं दंडुका आडवा धरला.

"पास?"

"पास नाही साहेब, माझे बाबूजी आत आहेत, भुवनेश्वर महतो, तीन नंबर भट्टी, त्यांची ही डबी..."

"पास नाही तर बाजूला. ओरडू नको."

"साहेब, तुमच्या पाया पडतो, फोन तरी करा!"

जवानानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आत गेला, फोन लावला, बोलला. काय बोलला ते काचेतून ऐकू आलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, "थांब. येतायत कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे? ते स्वतः नाही?"

"थांब म्हटलं ना भाऊ."

गेटच्या आतल्या बाजूला अँब्युलन्स उभी होती. ती तिथं रोजच उभी असते, हे त्याला माहीत होतं. ड्रायव्हर दार उघडं टाकून पेपर वाचत होता. तो पेपरची घडी घालणार नाही ना, एवढंच निरंजन बघत राहिला.

आणि आतल्या रस्त्यावरून एक सायकल आली. सावकाश. तिर्कीबाबू. बाबूजींचे फोरमन, तीस वर्षांचे दोस्त, दर रविवारी घरी येऊन मायच्या हातचा तळलेला धुसका खाणारे. एकटेच होते. हेल्मेट काढून हँडलला अडकवलेलं. त्याला पाहून ते हसले नाहीत.

"ये," ते म्हणाले. "जरा बाजूला ये पोरा."

निरंजन बाजूला गेला नाही. त्यानं गेटची सळई धरली.

"काका, सांगून टाका."

"काय सांगू? बसलाय तो. सकाळी सहापासून कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसलाय, दोघं डावी-उजवीकडे, आणि तिघांनाही शिव्या घालतोय. मी तिसरा."

निरंजनच्या हातातली सळई सुटली.

"शेवटच्या दिवशी आम्ही कोणालाच भट्टीजवळ जाऊ देत नाही," तिर्कीबाबू हळू आवाजात म्हणाले. "पद्धतच आहे. आणि ज्याचा पोरगा घरी बसलेला असतो ना, त्याला तर शेवटचा अख्खा महिना एकटं सोडत नाही. मुतायला गेला तरी मागनं एक जण. घरच्यांना हे सांगत नाही कोणी. तुला आता सांगितलं." त्यांनी मागे वळून पाहिलं. "तुझ्या आईचा फोन आला होता कंट्रोल रूमला. तिला म्हटलं, वहिनी, घाबरू नका, माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती म्हणाली, निरू डबी घेऊन निघालाय, साडेसातलाच. तेव्हापासून मी घड्याळ बघतोय, पोरगा आला का, पोरगा आला का."

गेटवरच्या घड्याळात नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

तेवढ्यात बाबूजीच आले. दोघं तगडे गडी दोन बाजूंना, गळ्यात सकाळीच घातलेला झेंडूचा हार, चेहरा रागानं लाल.

"चोराला धरून आणावं तसं आणलंय बघ मला," ते निरंजनला म्हणाले. "आण ती. जमा नाही केली तर कागद अडवतील."

"घरी कशी राहिली, बाबूजी?"

बाबूजी हारातलं एक सुकलेलं फूल खुडायला लागले.

"विसरलो," ते म्हणाले.

निरंजननं डबी त्यांच्या हातावर ठेवली. शिफ्ट सुटल्यावर बाबूजी रोज तिचं बटण दाबून बघायचे, म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त किती गॅस लागला तो आकडा काचेवर यायचा. हात सवयीचा. त्यांनी बटण दाबलं. आकडा उमटला. तीनशे दहा.

"आं?" तिर्कीबाबू वाकले. "घरात पडलेल्या डबीला एवढा गॅस कुठं भेटला?"

बाबूजींनी अंगठ्यानं काच झाकली. मग त्यांनी गेटबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरकडे पाहिलं, तिच्या काळ्याकुट्ट सायलेन्सरकडे. मग घड्याळाकडे. निरंजनकडे त्यांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं, आणि फार वेळ पाहिलं नाही.

"फाटक लागलं असणार वाटेत," ते तिर्कीबाबूंना म्हणाले. "मालगाडी असली की तास तास जातो. आणि हा फाटकावर गाडी बंद करत नाही. धुरातही हाच गॅस असतो, किती वेळा सांगितलंय याला."

तिर्कीबाबू तीस वर्षं त्याच रस्त्यानं ये-जा करत होते. त्यांनी हँडलवरचं हेल्मेट काढलं, उगाच आतून पुसलं, आणि परत अडकवलं.

"हो," निरंजन म्हणाला. "फाटक होतं."

"मग झालं तर. आईला फोन कर, म्हणावं, दोनला येतो, भात लाव." बाबूजी वळले, दोघं गडी त्यांच्याबरोबर वळले. दोन पावलं गेल्यावर ते न बघताच म्हणाले, "आणि काही खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

ते तिघं आतल्या रस्त्यानं लहान लहान होत गेले. निरंजननं मायला फोन लावला. मग स्कूटर ढकलत लांब नेऊन झाडाखाली लावली, चावी काढून घेतली, आणि गेटसमोरच्या कट्ट्यावर येऊन बसला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर अजून पेपर वाचत होता.

दोन वाजायला अजून पाच तास होते.