परवानगी कुणाची

हबीबच्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर पाठवलं नाही. उत्तर लिहीत होतो, म्हणूनच पाठवलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी साधं काही विचारू नये. तो उत्तर देत नाही, वाचायला बसतो.

पत्र धुळ्याहून, देवपुरातून आलं होतं. ‘नाना, स्वप्नीलने दोंडाईच्याच्या शेताला कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं आहे. शब-ए-बरातला अम्मीला घेऊन गेलो आणि फाटकावरूनच परतलो. नजर पुरती जायच्या आत रूहीच्या कबरीवर एकदा हात ठेवायचा, एवढंच तिचं म्हणणं. मालकाच्या घरातल्या वडीलधाऱ्याने लिहून दिलं, की आम्ही बांधावरच्या वाटेने हक्काने येत होतो, तर कोर्टात उपयोग होईल असं वकील म्हणतात. द्याल का लिहून?’

रूही हबीबची थोरली बहीण. दोन वर्षांची असताना तापाने गेली. तेव्हा शेत त्यांचंच होतं. पुढे हबीबच्या आजोबांनी ते माझ्या वडिलांना विकलं आणि सगळे धुळ्याला गेले. भांडीकुंडी, शेळ्या नेल्या. कबरी नेता येत नाहीत, म्हणून राहिल्या.

स्वप्नील माझा पुतण्या. त्याने शेतात प्लॉट पाडायला घेतले आहेत. वसाहतीचं नाव ‘शांतिवन सिटी’. शांतता तिथे आधीपासूनच झोपलेली होती, पण ती नकाशात बसेना. कबरींच्या जागी नकाशात मुलांसाठी घसरगुंडी दाखवली आहे. रूहीचं वय बघता तिची हरकत नसावी.

मी कायदा वाचला. वर्षानुवर्षं वाट उघडपणे, हक्काने वापरली असेल तर हक्क मिळतो. मालकाच्या परवानगीने वापरली असेल तर मिळत नाही. म्हणजे हबीबची अम्मी, ताजबी, दिसल्यावर माझ्या वडिलांनी तोंड फिरवलं असेल, तर तिचा हक्क शाबूत. ‘या बेटी, चहा घ्या’ म्हणाले असतील, तर तो चहाबरोबर संपला. वडील सभ्य होते, ही मला मोठीच अडचण झाली. ‘हक्काने’ लिहू की ‘परवानगीने’, या एका शब्दावर मी किती कागद फाडले, ते रद्दीवाल्याला ठाऊक.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. मी जळगावहून दोंडाईच्याला गेलो. आखाजीला घरोघरी पितरांसाठी घागर भरतात. आमच्याकडे एक घागर जास्तीची असते, ती शेतातल्या कबरींपाशी ठेवतात. का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. पुस्तकात नव्हतं ना.

ताईबाई वहिनी, म्हणजे स्वप्नीलची आई, घागर कडेवर घेऊन फाटकापाशी उभी होती.

“सपन्या, किल्ली दे.”

“आई, घरीच ठेव ना. इथं आता साइट आहे.”

“पितर काय साइट दखीसन येतस का?”

“पण तिथं कुणी नाहीच! कबर-बिबर काही नाही, असं मी कोर्टात लिहून दिलंय.”

“मंग इतला वरीस मी कोनले पानी पाजस?”

स्वप्नील माझ्याकडे वळला. “नाना, तुम्ही शिकलेले. सांगा हिला.”

मी घसा खाकरला. बहुतेक प्रश्नांवर माझं मत एवढंच असतं.

“आजोबांनी त्यांना येऊ दिलं, परवानगी दिली,” तोच म्हणाला. “दिलेली परवानगी काढूनही घेता येते.”

वहिनीने घागर खाली ठेवली. “कोनी परवानगी? शेत इकतांनाच हबीबना आजानी सांगं, शेत तुमनं, कबरी आन वाट आमनी. उलट तुना आजानीच त्यासले इचारं, आम्ही आखाजीले आठे कबरीसजवळ घागर ठेवूत का? मी नवी नवरी व्हतू. मन्हा समोर इचारं. त्यास्नी हा म्हनं, तवय मी ठेवाले लागनू.”

वाट त्यांनी विकलीच नव्हती. परवानगी मागून येणारे आम्ही होतो. मी आपला उलट्या बाजूने कायदा वाचत बसलो होतो.

“याचा कागद आहे का?” स्वप्नीलने विचारलं.

“मी शे ना. तुना कागदले तोंड शे का?”

स्वप्नीलच्या खिशातून किल्ली निघाली. ती वहिनीच्या पदराच्या गाठीत गेली, ती अजून तिथेच आहे. जाताना स्वप्नील मला म्हणाला, “नाना, तुम्ही यात पडू नका.” आजवर मी कशातच पडलो नव्हतो, तेव्हा सल्ला अंगवळणी पडलेलाच होता. त्यामुळेच बहुधा तो मला एकदम नकोसा झाला.

त्याच दुपारी स्टेशनजवळच्या टपरीवर बसून लिहिलं:

‘हबीब, वाट तुमचीच. तुम्ही हक्काने येत होता, परवानगीने आम्ही. सोबत तसा सही केलेला जबाब आहे. वहिनीही कोर्टात सांगेल, तिला थांबवणं कुणाला जमणार नाही. कोर्टाची वाट बघू नका. किल्ली तिच्याकडे आहे. अम्मीला घेऊन या.’

पाकीट पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, ‘हक्काने’च्या आधी ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हवं होतं. पेटीच्या तोंडात हात घालून पाहिला. मनगटाच्या पुढे जात नाही. टपाल खात्याने माझ्यासारख्यांचा आधीच विचार केलेला दिसतो.