सांभाळायला दिलेले चाकू

परक्याची ठेव दोन प्रकारांनी नासते. जो ती ठेवून घेतो त्याने हेळसांड केली तर नासते, आणि धन्याच्या सांगण्यापलीकडे जाऊन तिच्यावर माया केली तरीही नासते. पहिल्या अपराधाला लोक लगेच नाव देतात. दुसरा प्रेमाचे पांघरूण घेऊन येतो, म्हणून ज्याच्या हातून तो घडतो त्याला स्वतःलाही तो चटकन ओळखू येत नाही. आणि ओळखू आला तरी कबूल करताना जीभ टाळ्याला चिकटते.

घड्याळजींचे तसेच झाले. घड्याळे दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले, पण जीव जडला होता तो खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूंवर. चित्रकलेचे मास्तर हे त्यांचे याच छंदातले सोबती. दोघे समोरासमोर बसत, पात्यांना तेलाचा हात फिरवीत, सांध्यातला कचरा काडीने काढीत, आणि मूठ शिंगाची की हाडाची यावर तावातावाने भांडत. मास्तर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे निघाले, तेव्हा आपले सगळे चाकू त्यांनी घड्याळजींच्या स्वाधीन केले. लाकडी उथळ खणात ते ओळीने मांडलेले होते. "खणातच असू देत," एवढेच ते म्हणाले होते.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "डोळे झकास झालेत. दुपारी येतो माझी पोरं न्यायला."

घड्याळजी हरखले. पाहुण्यांसमोर मुले न्हाऊमाखू घालून आणावीत तसे चाकू पुसून ठेवावेत, म्हणून त्यांनी कपाटातून डबा काढला. होय, डबाच. लाकडी खणात दमट हवा शिरेल या धास्तीने, मास्तर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सारे चाकू रबराची कड असलेल्या घट्ट पोलादी डब्यात हलवले होते. डब्यात थोडी जागा उरली, तेव्हा चाकू एकमेकांवर आपटू नयेत म्हणून स्वतःचा एक लाडका चाकूही त्यांनी तिथे बसवला होता. मधाच्या रंगाच्या, अर्धपारदर्शक मुठीचा.

झाकण निघाले आणि कापरासारखा उग्र, आंबूस भपकारा नाकात शिरला.

"अहो, काय सांडलंत?" आतून पत्नीने विचारले.

"काही नाही."

"काही नाही, तर मग माझ्या नाकालाच वेड लागलं असेल!" असे म्हणत त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याचा चेहरा पाहून थबकल्या.

मधाळ मूठ चिकट घामाने डबडबली होती. तिच्या कडेची पितळी पट्टी हिरवी पडली होती, आणि आजूबाजूच्या प्रत्येक पात्यावर तांबूस लव उगवली होती. ती मूठ सेल्युलॉइडची होती. जुन्या बाहुल्या नि कंगवे ज्याचे होत, त्याच पदार्थाची. म्हातारपणी तो कुजतो, आणि त्यातून निघणारी वाफ शेजारचे लोखंड खाते. मोकळ्या खणात ती उडून गेली असती. घट्ट डब्यात तिला दुसरे खाद्यच नव्हते. चाकू बाळगणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेली ही गोष्ट. घड्याळजींनी स्वतः ती कित्येकांना सांगितली होती. पण आपले लाडके असे काही करील, हे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

त्या मुठीला अगदी लागून होता तो कलमे बांधायचा चाकू. मास्तरांचे वडील माळी होते, त्यांचा. झाडांचा चीक वर्षानुवर्षे लागून त्याचे पाते पावसाळी आभाळासारखे करडे झाले होते. आता मुठीलगत, कारागिराच्या ठशावर, गंजाचा चट्टा होता.

घड्याळजींनी मधाळ चाकू बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला आणि ते कामाला बसले. तेल, मऊ फडके, पितळी तारेचा बोळा. बहुतेक पाती निवळली. वडिलांच्या चाकूवरचा गंजही निघाला, पण त्याखाली बारीक खड्डे राहिले. ठसा अर्धा खाल्ला गेला होता.

बाहेर फाटक वाजले की ते हातातले फडके थांबवून कानोसा घेत. एकदा टपालवाला निघाला, एकदा शेजारचे कुत्रे.

शेवटी त्यांनी पॉलिशचे चाक सुरू केले.

"हे कशाला?" पत्नीने विचारले.

"आरशासारखं करतो. म्हणेन, तुझ्या स्वागतासाठी चकाकवलं. त्याला काय कळणार आहे?"

"भाऊजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ते नीट दिसावं म्हणून. तुम्ही विसरलात वाटतं!"

घड्याळजींना हसू आले नाही. चाक घुमत होते. पाते त्याच्याजवळ नेले तेव्हा त्या करड्या रंगावर त्यांची नजर खिळली. खड्डे घालवायचे तर तो रंगही जाणार होता. एका बापाचे अवघे हयातभराचे श्रम त्या रंगात होते. गंजाने अर्धा ठसा नेला. उरलेले सारे आता ते स्वतः, शुद्धीवर असताना, नेणार होते. त्यांनी चाक बंद केले.

मास्तर आले ते काळ्या चष्म्यात. "वहिनी, आता मला घड्याळजीच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसतो! आधी वाटायचं, गडी अजून जवान आहे."

"बसा भाऊजी," असे म्हणून त्या आत गेल्या, पण दाराआड थांबल्या.

"कुठायत पोरं?"

घड्याळजींनी खण पुढे केला. चाकू पुन्हा त्यातच मांडले होते. मास्तरांचा हात सवयीने वडिलांच्या चाकूकडे गेला.

"थांब, मास्तर. आधी ऐक." आणि मग डबा, रबर, मधाळ मूठ, सारे त्यांनी सांगितले, पॉलिशच्या चाकाचेही. "तू खणात ठेव म्हणाला होतास. मला वाटलं, मला जास्त कळतं."

मास्तरांनी चष्मा काढला. नख अडकवून पाते उघडले, खिडकीशी नेले. ठशावरून त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत राहिला.

"गाढवा," ते अखेर म्हणाले. "तू दुसऱ्याला शिकवतोस हे!"

"हो."

"बघायला डोळे मिळाले, ते हे बघायला?"

घड्याळजींनी मान खाली घातली. समजूत घालण्याचा त्यांना अधिकार नव्हता, आणि ते त्यांनी जाणले.

मास्तरांनी पाते उजेडात तिरके धरले. "रंग ठेवलास मात्र." मग त्यांनी विचारले, "हा गंज पुढे सरकेल?"

"सरकू शकतो. खड्ड्यात मुरलेला असतो. वरचेवर पाहावं लागेल, तेल द्यावं लागेल."

"खड्ड्यातला गंज काढायचं बारीक काम माझ्या हाताला जमायचं नाही." त्यांनी चाकू मिटला, खणात ठेवला, आणि खण छातीशी धरून ते उठले. "चाकू आता माझ्याच घरी राहतील. तुझ्याकडे नाही." दारात पोचल्यावर मागे न वळता म्हणाले, "दर रविवारी तू येत जा. तुझं तेल घेऊन ये. आणि डबा आणलास तर तंगडी मोडीन."

दाराआडून पत्नीने डोळ्यांना पदर लावला. घड्याळजी फाटकापर्यंत गेले. खण धरायला हात पुढे करावा असे त्यांना वाटले, पण त्यांनी तो केला नाही. नुसते फाटक उघडून धरले.

ज्याचे दुखावले त्याचे मन हळूहळू निवो. ज्याने दुखावले त्याच्या हाताला संयम येवो. आणि त्या करड्या पात्याला दोघांच्याही देखत दीर्घ आयुष्य लाभो.